दळवीभाऊंचा झ

शमे, आज लगेच ठेवू नकोस. फोनवर "मावशी, बरी आहेस ना" विचारतेस आणि माझं "हो" पुरतं व्हायच्या आत ठेवूनही देतेस. असं करू नये गं. हाक मारावी तर उत्तर ऐकून घ्यावं. आमच्या दळवीभाऊंचा सगळा जीव त्या उत्तरातच होता.

तू त्यांना पाहिलं नाहीस. बडोद्याला अकोट्यात आम्ही राहायला आलो तेव्हा भिंतीपलीकडे ते एकटेच होते, नंदेसरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पहिल्याच आठवड्यात मी वाटीभर आमटी घेऊन गेले, तर भाऊ भरदुपारी खिडक्या लावून, तोंडासमोर मेणबत्ती धरून बसलेले. ज्योतीकडे बघत "अहा, एहे, इही" चाललेलं. मी उंबऱ्यातच थबकले.

"या वहिनी, घाबरू नका. ह शिकतोय."

"मराठी माणसाला ह शिकावा लागतो होय?"

"हा निराळा. नुसता श्वास. ज्योत वाकली पाहिजे, विझता कामा नये."

लोझबान म्हणून एक भाषा, कुणी शहाण्यांनी बसून बनवलेली. अलकापुरीच्या सायबर कॅफेतून भाऊ तिचे कागद छापून आणत. म्हटलं, बडोद्यात मराठी, गुजराती, हिंदी कमी पडतात की काय? तर म्हणाले, "त्या सगळ्या वापरलेल्या. ही कोरी आहे, वहिनी. हिच्यात अजून कुणी मेलं नाही."

मग हळूहळू कळलं. त्यांची बायको इंदू अशीच एका दुपारी गेली. भाऊ पाळीवर, आमचं घर तेव्हा रिकामं. तिनं हाका मारल्या, त्या रस्त्यावरच्या भाजीवाल्यानं ऐकल्या, पण कुणाच्या घरातून ते त्याला उमगेना. तेव्हापासून भाऊंना एकच धास्ती, आपलीही हाक अशीच वाया जाईल. मराठीत हाक मारायला तोंड उघडलं की इंदूचाच आवाज येतो म्हणायचे.

म्हणून आमचा रिवाज पडला. दुपारी जेवणं उरकली की भिंतीपलीकडून हाक यायची, "बेहे." म्हणजे कुणी ऐकतंय का. मी भांडी विसळता विसळता म्हणायचं, "झेहे." म्हणजे ऐकलं. एवढंच. पण त्यातला झ असा की जीभ टाळूला टेकवायचीच नाही, नुसती वाऱ्यावर घासायची. मला कधी जमलं नाही. "वहिनी, तुमचा झ झाडावरच अडकतो. पण चालेल ने, उत्तर आलं ते महत्त्वाचं," असं म्हणून हसायचे.

त्या दिवशी मी दातांच्या डॉक्टरकडे अलकापुरीला गेले होते. घराला कुलूप होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये. परत आले तर जिन्यात माणसं. भाऊ खुर्चीतच गेले होते. चेहरा शांत, मान आमच्या भिंतीकडे कललेली.

खालच्या ज्योत्स्नाबेन माझा हात धरून रडत होत्या. म्हणाल्या, "भाईए बूम पाडी ने तमे जवाब आप्यो, एटले हूं उपर न आवी." त्यांनी हाक मारली, तुम्ही उत्तर दिलंत, म्हणून मी वर आले नाही. मग डोळे पुसत म्हणाल्या, "आजे तो तमारो अवाज बहु चोख्खो आव्यो." आज तर तुमचा आवाज अगदी स्वच्छ आला.

चोख्खो. माझा.

मी पर्समधली किल्ली घट्ट धरून उभी राहिले. उत्तर इंदूनं दिलं म्हणावं, तर तिला ही भाषा ठाऊकच नव्हती. कुलूप काढून आत गेले. सकाळी विसळून पालथी घातलेली भांडी तशीच होती. फक्त भिंतीजवळ मेणबत्ती विझल्यावर येतो तसा वास होता.

भाऊंचं घर अजून बंदच आहे. दुपारची भांडी घेऊन बसले की पलीकडून कधीमधी हाक येते. मी घाबरत नाही. म्हणते झेहे, माझ्या त्या अडकणाऱ्या जिभेनं. मग गप्प होतं.

पण मी आता थकले गं. माझ्यानंतर या घरात उत्तर द्यायला कोण? तुझी जीभ लवचीक आहे, तुला तो झ पटकन जमेल. लवकर ये. दुपारच्या आत पोच.