आधी मामा, मग बाळ

पाळण्यापासून पांगुळगाड्यापर्यंत माणसाने लहान मुलांसाठी जेवढ्या म्हणून वस्तू निर्माण केल्या, त्या सगळ्या लहान मुलांच्या जिवावर उठण्यासाठीच केल्या, अशी पक्की खात्री असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. हिचे आईवडील ती अगदी लहान असतानाच गेले. अकोल्याच्या या मामांनीच तिला वाढवलं. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं आणि मामीही आमच्या लग्नाआधीच वारल्या होत्या. मामा कापसाच्या बाजारात दलाल होते. धोतर, बंद गळ्याचा कोट, डोक्याला पांढरा रुमाल आणि कोटाच्या बाहीवर कायम चिकटलेला कापसाचा एखादा तंतू, असा त्यांचा थाट असे. गाडीतल्या कापसाची चिमूट उपसायची, दोन्ही हातांच्या बोटांत ताणायची, उजेडाकडे धरायची आणि मग तोंड उघडायचं, ही त्यांच्या धंद्याची रीत. ती त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की जगातली कुठलीही गोष्ट ते आधी ताणून पाहत. मुलगी पाहायला मी अकोल्याला गेलो तेव्हा मामांनी माझा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं, काय हे प्रेम! पुढे कळलं की ते धागा पाहत होते.

हिला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी अकोल्याला व्हायचं. पण मामांच्या घरात बाईमाणूस नाही, म्हणून ते अमरावतीलाच, आमच्या बिऱ्हाडी करायचं ठरलं. माझी आई त्यासाठी पुण्याहून मुद्दाम आली. मामांना याची फार रुखरुख लागली आणि ती त्यांनी आमच्यावर काढली. आठवडा उलटला की बडनेऱ्याला गाडी बदलून मामा दारात हजर. आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता ते घराची तपासणी सुरू करत. "इथं खिळा कावून हाय?" म्हणजे का आहे, हे त्यांचं नमस्काराऐवजीचं वाक्य. अजून जन्माला न आलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घर कसं दिसेल हे पाहण्यासाठी एकदा ते माजघरातून स्वयंपाकघरापर्यंत रांगत गेले. पाट्यापाशी पोचले तेव्हा समोर माझी आई वाटण वाटत होती. पुण्यात सोवळंओवळं सांभाळून तिने आयुष्य काढलं होतं. रांगत येणाऱ्या व्याह्याला काय म्हणायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मामांनी मात्र बसल्या जागेवरून तिला सांगितलं, "विहीणबाई, ह्या तुमच्या विळीले खुटीवर टांगजा. लेकराच्या सरळ डोळ्यात येऊन राहिली."

आईने बाळासाठी पुण्याहून आपल्या हाताने शिवलेली एक गादी आणली होती. मामांनी तिची शिवण दोन बोटं उसवली, आतला कापूस काढून ताणला आणि मान हलवली. कापूस आखूड धाग्याचा निघाला, त्यात सरकीही राहिली होती. "पुण्याच्या लोकायले कापूस काय कळते!" असं ते सहज म्हणाले. त्यानंतर दोन दिवस आई त्यांच्याशी फक्त माझ्यामार्फत बोलत होती. पुढच्या खेपेला मामा स्वतः निवडलेला, स्वतः पिंजून घेतलेला कापूस घेऊन आले. आईने तो मुकाट्याने भरला आणि रात्री मला हळूच म्हणाली, "मऊ आहे हो. पण त्यांना सांगू नकोस."

पाळण्याची परीक्षा तर सगळ्या आळीने पाहिली. शिसवी पाळणा आला, कडीला टांगला गेला. मामांनी त्यात जवारीचं भरलेलं पोतं ठेवलं आणि दोरी धरून झोके द्यायला बसले. दुपार सरली, उन्हं उतरली, मामा झोके देतच होते. शेजारच्या बायका खिडकीशी जमल्या. आई वाती वळायच्या सोडून बाहेर आली.

"अहो, हे काय चाललंय?"

"काई नाई विहीणबाई, जवारीले झोका देऊन राहिलो."

"निजली का?" आईने विचारलं. पुणेरी प्रश्न होता. मामांनी तो मनापासून घेतला. "जवारी निजली. कडी जागी हाय, कुरकुरून राहिली," असं म्हणून त्यांनी लोहार बोलावला आणि कडी बदलून घेतली.

पण या सगळ्यावर कळस होता तो मामांच्या जिभेचा. लेकराच्या हाती गेलेली प्रत्येक वस्तू शेवटी तोंडातच जाणार. तेव्हा ती आधी मोठ्या माणसाने तोंडात घालून पाहावी, हा त्यांचा सिद्धान्त. बाजारात खेळण्यांच्या पालापुढे ते उकिडवे बसत, एकेक खुळखुळा उचलत आणि चाटत. रंगीत भिंगरी चाटत, लाकडी बैलाचं शिंग दाढेखाली धरत, चिंधीच्या बाहुलीचा डोळा दातांनी ओढून पाहत. विकणाऱ्याने "घ्यायचं असन तर घ्या ना बाप्पा, जेवून कावून राहिले?" असा गिल्ला केला, की मामा शांतपणे रुमाल काढून त्याचा हात त्याखाली घेत आणि कापसाच्या बाजारात करतात तसा बोटं दाबून भाव सांगत. त्या बिचाऱ्याला ती भाषा येत नसे. भर बाजारात हा म्हातारा आपला हात कावून दाबून राहिला, या विचाराने तो कावराबावरा होई. इतकं करून मामांनी आणलं काय, तर लाकूड कातणाऱ्या खरादीकडून घडवून घेतलेली, बिनरंगाची एक लाकडी कडी आणि एक लाकडी वाटी. दोन्ही त्यांनी स्वतः कापडाने घासघासून अशी गुळगुळीत केली होती की हातातून सुटत. माझ्या कचेरीतल्या एका शिकलेल्या मित्राने बाल-संगोपनावरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक भेट दिलं होतं. मामांनी त्याचे कोपरे अंगठ्याने चाचपले आणि ते फळीवर उंच ठेवून दिलं. "टोचते," एवढाच त्यांचा त्या ग्रंथावरचा अभिप्राय.

मुलगी झाली. बारशाला आमच्या कचेरीतले वरिष्ठ सहकुटुंब आले. आम्ही सगळे त्यांना रावसाहेब म्हणत असू. हा मान साधा नव्हता. रावसाहेबांची भुवई चढली की कारकुनाची बदली मध्यप्रांतात थेट मंडल्याच्या जंगलात व्हायची, असा त्यांचा लौकिक होता. त्यांनी मुलीसाठी मुंबईहून मागवलेलं एक जपानी माकड आणलं होतं. पत्र्याचं, अंगात लालभडक कोट, पोटाशी ढोल. चावी दिली की ढोल बडवायचं. बारा दिवसांच्या मुलीने त्याचं काय करावं हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी "वा, वा!" केलं. माझा तो पुस्तकवाला मित्र तर माकडाकडे पाहून टाळ्या वाजवू लागला. माकड हातोहात फिरत फिरत मामांकडे गेलं.

मामांनी अंगठा माकडाच्या कडेवरून फिरवला. कान ओढून पाहिले. ढोल वाजवणारा हात पिरगाळला. तो निघून आला आणि त्याबरोबर एक बारीक खिळा. मग भरल्या बैठकीत, रावसाहेबांच्या डोळ्यांदेखत, त्यांनी माकडाचा कोट खालपासून वरपर्यंत शांतपणे चाटला. जीभ बाहेर काढून त्यांनी ती आईला दाखवली आणि विचारलं, "लाल हाय?" आईने नाइलाजाने मान हलवली.

"रावसाहेब," मामा म्हणाले, "माकडाचे कपडे कच्च्या रंगाचे हायेत." आणि तो खिळा त्यांनी विडा द्यावा तसा रावसाहेबांच्या तळहातावर ठेवला.

"मुंबईच्या मोठ्या दुकानातून घेतलंय ते," रावसाहेब म्हणाले.

"मंग मुंबईच्या लेकरायले तोंड नसन."

रावसाहेब उठले. घुगऱ्या तशाच राहिल्या. त्यांचा टांगा वळणाआड गेल्यावर आई भिंतीला टेकून म्हणाली, "मंडला किती लांब आहे रे?"

मी मामांवर तोंड टाकलं. वयाचा, नात्याचा मान ठेवला नाही. नोकरी माझी, साहेब माझा, आणि तुम्हाला चाटायला आजचाच दिवस सापडला का, असं बरंच बोललो. मामा उठले. रुमाल डोक्याला बांधला, पिशवी उचलली आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेले. ते गेल्यावर ही बाळंतिणीच्या खोलीतून म्हणाली, "तुमाले ठावूक नाई." आमच्या घरात आल्यापासून ती आमच्यासारखी बोलायला शिकली होती, पण मन भरून आलं की तिची बोली परत येई. ती दोन वर्षांची असताना मामांनी जत्रेतून तिच्यासाठी एक रंगवलेला हिरवा राघू आणला होता. तिने तो चोखून चोखून पांढरा केला. मग जी पडली ती कितीतरी दिवस उठली नाही. वैद्यांनीसुद्धा हात टेकले होते. मामांनी त्या दिवसांत बाजार सोडला, ऐन हंगामात, आणि तिच्या उशाशी बसून राहिले. "मी बरी झाली," ही म्हणाली, "मामा नाई झाले."

मी दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो तो मनात मंडल्याला जायचं सामान बांधूनच. रावसाहेबांनी दोन दिवस माझ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी आत बोलावलं, दार लोटायला सांगितलं आणि टेबलावर रुमालात गुंडाळलेली एक वस्तू ठेवली. रुमाल सोडला तर आत तसंच माकड. रावसाहेबांनी आपल्या नातवासाठीही एक घेतलं होतं. त्याचा कोट कमरेपर्यंत पांढरा झाला होता.

"आठवडाभर पोर काही खात नाहीये," रावसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज कचेरीतला नव्हता. "आम्ही दात येताहेत म्हणून समजत होतो. डॉक्टरांना आता दाखवलंय, धोका नाही म्हणतात. पण ते तुमचे गृहस्थ… ते येतील का?"

मी स्वतः अकोल्याला गेलो. मामांच्या पाया पडता पडताच रावसाहेबांच्या नातवाची हकीकत सांगितली. त्यांनी मला उठवलं आणि पहिला प्रश्न केला, "लेकरू जेवते का आता?" 

रावसाहेबांच्या बंगल्यात मामा दिवसभर होते. तांब्याभर पाणी शेजारी घेऊन ते गालिच्यावर बसले आणि त्या घरातली झाडून सगळी खेळणी चाटून पाहिली. बाद झालेल्या खेळण्यांनी मोठी टोपली भरली. रावसाहेबांच्या पत्नी पदराने डोळे पुसत होत्या, नातवाच्या काळजीने की किमतीच्या आठवणीने ते कळलं नाही. नातू पुढे चांगला सुधारला. मी अमरावतीतच राहिलो. आणि कँपातल्या, म्हणजे साहेबलोकांच्या वस्तीतल्या, बड्या घरांत अशी काही हवा पसरली की मामांनी न चाटलेलं खेळणं मुलाच्या हाती देणं हे अडाणीपणाचं लक्षण ठरलं. डेप्युटी, वकील, डॉक्टर, सगळ्यांचे टांगे मामा आले की आमच्या दाराशी थांबू लागले. ज्या माझ्या मित्राने माकडापुढे टाळ्या वाजवल्या होत्या, तो आता लोकांना सांगू लागला की ही पद्धत मूळ विलायतेतली. मामा कोणाकडून चहाशिवाय काही घेत नसत, आणि कपसुद्धा कडेने अंगठा फिरवूनच तोंडाला लावत.

माझी मुलगी त्या लाकडी वाटीबरोबर आणि कडीबरोबर मोठी झाली. ती रांगायला लागली तेव्हा मामा तिच्या मागे रांगले. चालायला लागली तेव्हा वाकून, दोन्ही हात पसरून मागे चालले. मग ती पळायला लागली, आणि मामा दारापर्यंत जाऊन थांबू लागले.

तिला शाळेत घातलं त्या दिवशी ते अकोल्याहून आले. त्यांनी पाटीच्या कडा पाहिल्या, दप्तराचा बंद ओढून पाहिला आणि तिचं बोट धरून आमच्याबरोबर निघाले. शाळेच्या फाटकाशी तिने बोट सोडलं आणि मुलींच्या घोळक्यात दिसेनाशी झाली. मामा तिथेच उभे राहिले. आवारातली विहीर त्यांनी पाहिली, चिंचेच्या फांद्या पाहिल्या, रस्त्यावरून धावणारे टांगे पाहिले, गोळ्या विकणारा पाहिला. हात उगीचच बोटांत काहीतरी ताणत होते. "जवाईबापू," ते म्हणाले, "एवढं सारं कोण पायनार?"

कचेरीची वेळ झाली होती. मामा म्हणाले, "तुमी जा. मी बसतो घडीभर."

दुपारी मी शाळा सुटायच्या वेळेला मुद्दाम त्या बाजूने आलो. फाटकासमोरच्या दगडावरून मामा नुकतेच उठत होते. मुलगी एका नव्या मैत्रिणीच्या गळ्यात हात टाकून बाहेर आली, मोठमोठ्याने काहीतरी सांगत. तिचं मामांकडे लक्ष गेलं नाही. मामांनीही हाक मारली नाही. त्या दोघी घराच्या रस्त्याला लागल्या, आणि मामा थोडं अंतर ठेवून, चपलांचा आवाज होऊ न देता, त्यांच्या मागे चालू लागले.