पलीकडच्या गोलासमोरची जमीन

यशवंत गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, वैशालीने केला. ती वनरक्षक आहे, एकटी जंगलात फिरणारी. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. दुपारी वैनगंगेच्या काठावर नेताना तिरडीला खांदा द्यायला जंगलापलीकडच्या गावाहून सोमा मडावी आला होता. त्याने बांबू खांद्यावर घेतला तेव्हा माझ्या शेजारून कोणीतरी म्हणालं, "पाय तोडला, अन् आता खांदा द्यायले आला." दोघं-तिघं हसल्यासारखे झाले. सोमाने ते ऐकलं. त्याने नुसता बांबू सरकवून नीट घेतला आणि तो चालत राहिला. मी त्याच्या बरोबर मागे होतो. त्या बोलणाऱ्याला गप्प करू शकेल असा गावात मी एकच माणूस उरलो आहे, आणि मी खाली बघून चालत राहिलो. हा लेख त्या दिवसापासून माझ्या डोक्यात आहे.

यशवंत रामटेके हे नाव आता आमच्या भागाबाहेर कोणाला आठवत नसेल. ऐंशीच्या दशकात मात्र राजुऱ्याच्या कोळसा खाणींपासून गडचिरोलीपर्यंत, जिथे जिथे दोन बांबू रोवून फुटबॉलचा गोल केला जाई, तिथे तो माहीत होता. आमच्या गावचा, बौद्ध मोहल्ल्यातला. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, पण मी गावच्याच शाळेत मास्तर झालो आणि संध्याकाळी पोरांबरोबर खेळू लागलो तेव्हा आमची मैत्री झाली. अंगाने बारीक होता. चेंडू पायात आला की आधी थांबल्यासारखा करायचा, समोरचाही थांबायचा, आणि तेवढ्यात हा उजवीकडून निघून गेलेला असायचा. एका खाणीच्या संघाने त्याचा खेळ पाहून त्याला नोकरीला लावलं. हजेरी मजुराची, काम फॉरवर्डचं. तिथून तो नागपूरला खेळला, आणि तिथून कलकत्त्याच्या एका लहान क्लबाने त्याला हंगामाच्या करारावर उचललं. खेळण्याचा पगार मिळतो हे आमच्या गावात कोणाला खरं वाटेना. त्यासाठी त्याने खाणीची पक्की नोकरी सोडली. त्याची आई मला म्हणाली होती, "मास्तर, तुमीच समजवा त्याले, पायाचा का भरोसा?" मी तिलाच समजावलं.

पहिल्या हंगामात तो चांगला खेळला. दिवाळीला आला तेव्हा खुशीत होता. तिथल्या मोठ्या क्लबाची माणसं थंडीतल्या एका स्पर्धेत त्याचा खेळ पाहणार होती, आणि पसंत पडला तर पुढचा हंगाम त्यांच्याकडे. तोवर बाहेर कुठेही खेळायचं नाही, असं त्याला बजावून पाठवलं होतं. आल्या आल्या त्याने मला तेच सांगितलं, कारण मी काय मागणार हे त्याला ठाऊक होतं.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाहुणे, रात्रभर नाटक. आमच्या मंडईत दुपारी फुटबॉलचा सामना असे, आमचं गाव विरुद्ध सोमाचं गाव, आणि जिंकणाऱ्याला बोकड. दोन वर्षं बोकड पलीकडे गेला होता. कोणाच्या लग्नात गेलो तरी तिकडची माणसं विचारायची, बोकडाचं मटण कसं लागते ते सांगू का मास्तर. सामन्याचा कारभार माझ्याकडे होता. मी यशवंतच्या मागे लागलो. वेगळ्या नावाने खेळ म्हटलं, कलकत्त्याला कोण सांगायला जातंय म्हटलं. तो दोन दिवस नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तू म्हणते म्हून खेलतो, मास्तर."

आमच्याकडे वेगळं मैदान नव्हतं. धान कापून झालं की दोन लागून असलेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, निवडायच्या, त्यांच्यामधला धुरा, म्हणजे बांध, खणून सपाट करायचा, आणि धुऱ्यालगत पाणी उतरायला जी चर असते ती त्याच मातीने भरायची. भरून पाणी मारायचं, तुडवायचं, सुकू द्यायचं. हे काम दर वर्षी माझ्या देखरेखीखाली होई. त्या वर्षी नाटकाचा ओटा मोठा करायचा ठरलं आणि धुऱ्याची बरीच माती बैलगाडीतून तिकडे गेली. सामन्याच्या दिवशी सकाळी मी पाहायला गेलो तर जंगलाकडच्या गोलासमोर, जरा उजवीकडे, चरीचा एक तुकडा तसाच उघडा. माती आणायला वेळ नव्हता. मी एकट्यानेच त्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कोंबलं, वरून चार टोपल्या माती टाकली, पायाने दाबली, पाणी शिंपडून झाडायचा फडा फिरवला. झाल्यावर ती जागा बाकीच्या जमिनीपेक्षा सुंदर दिसत होती. तिथे पळसाची फांदी रोवून सगळ्यांना दाखवून ठेवावं असं मनात आलं होतं. पण फांदी पाहिली की पाहुण्यांनी म्हटलं असतं, यांना मैदानही करता येत नाही. मी फांदी रोवली नाही.

त्या आठवड्यात वाघाने गावाच्या शिवारातून बैल ओढून नेला होता. त्यामुळे सामना उन्हं असतानाच संपवायचा होता. पहिल्या अर्ध्यात जंगलाकडचा गोल आमच्याकडे होता. मी सामना पाहत नव्हतो, ती जागा पाहत होतो. पलीकडच्या गावाने एक गोल मारला. थोड्या वेळाने त्यांचाच एक खेळाडू चेंडूमागे धावत त्या जागेवर आला आणि पडला. उठला, पायाला लागलेलं तणस झटकलं, हसला, निघून गेला. लोकही हसले. जमीन दबत होती, हे आता मला माहीत झालं होतं.

मध्यंतर उरकतं घेतलं. बाजू बदलल्या. आता जंगलाकडच्या गोलावर यशवंत चाल करणार होता, आणि तोही उजवीकडून. तो माझ्याकडे येऊन पाणी प्याला. तोंड पुसता पुसता त्याने त्या दिशेला पाहिलं. कलकत्त्यात शिकला असेल किंवा उपजत असेल, मैदानावर काय घडतंय ते त्याच्या नजरेतून सुटत नसे.

"तो पोरगा काऊन पडला गा तिथी?" त्याने विचारलं. "तिकडची जमीन कशी हाय?"

आम्ही एका गोलाने मागे होतो. सांगितलं असतं तर तो ती बाजू टाळून खेळला असता. पंचाला सांगितलं असतं तर सामना थांबला असता, आणि सगळ्या मंडईसमोर तणस निघालं असतं.

"धसकटात पाय अडकला असन," मी म्हणालो. "जमीन पक्की हाय. तू बिनधास्त जाय."

तो गेला. चेंडू मिळाल्यावर नेहमीसारखा थांबल्यासारखा झाला, समोर सोमा होता, तोही थांबला, आणि यशवंत उजवीकडून निघाला. सोमा त्याच्या मागे धावला खरा, पण दोघांमध्ये हातभर अंतर होतं. हे मी शपथेवर लिहितो. सोमाचा पाय, हात, काहीही यशवंतला लागलं नाही. यशवंतचा पाय गुडघ्याच्या खालपर्यंत जमिनीत गेला आणि बाकीचं शरीर पुढे गेलं. सोमा अडखळून त्याच्यावर पडला. लांबून पाहणाऱ्यांना दिसलं ते एवढंच, की सोमा वर आहे आणि यशवंत खाली ओरडतो आहे. लोक धावले. सोमाला जे मारलं ते मी लिहू शकत नाही. त्याच धावपळीत शेकडो पाय त्या खड्ड्यावरून गेले, माती आणि तणस एक झालं, आणि पाहण्यासारखं काही उरलं नाही. यशवंत पडल्या पडल्या म्हणत होता, "त्यानं नाई केला, सोडा त्याले." लोक म्हणाले, पाहा केवढं मन. पोलीस पाटलाने मला विचारलं, मास्तर, तुम्ही जवळ होता. मी म्हणालो, धक्का लागला असेल.

आधी गावातल्या हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. नागपूरला नेईपर्यंत गुडघा गेलेला होता. थंडीतली ती स्पर्धा त्याच्याशिवाय झाली. त्याच्या क्लबाला कुठूनतरी कळलंच, आणि तिकडून पुन्हा बोलावणं आलं नाही. खाणीतली जागा आधीच सुटली होती. तो बांबू डेपोवर चौकीदार झाला, लंगडत लंगडत तिथेच निवृत्त झाला. सोमाच्या गावाने आमच्या मंडईला येणं बंद केलं. सोमाचं नावच 'टांगतोड्या' पडलं, त्याच्या पोराच्या सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा ते निघालं. यशवंत मात्र दर दिवाळीला त्याच्या घरी जायचा. मला एकदाही चल म्हणाला नाही. आम्ही रोज भेटायचो, चहा प्यायचो, राजकारणावर भांडायचो. त्या दुपारचा विषय त्याने कधी काढला नाही. मला वाटायचं, त्याला कळलंच नसावं. असं मी स्वतःला किती वर्षं वाटू दिलं...

अंत्यसंस्कारानंतरच्या आठवड्यात मी सोमाकडे गेलो. अंगणात मोहाच्या झाडाखाली बाज टाकून दिली त्याने. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता, हातातली दोरी वळत होता. मग म्हणाला, "मले माहीत हाय, गुरुजी. यशवंतानं मले दवाखान्यातून आल्या आल्या सांगतला होता. त्याच्या पायाच्या बोटात तणस आला होता." मी विचारलं, मग तुम्ही दोघं बोलला का नाहीत. सोमा म्हणाला, "मी बोललो असतो तं कोन आयकते? अन् तो म्हणे, मास्तर सांगन एखाद दिवशी." मी लिहिणार आहे म्हटलं. तो म्हणाला, "लिहा. माही बायको गेली, तिले वाचून दाखवाले पायजे होता."

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या बौद्धांच्या दिवसकार्याच्या दिवशी वंदना झाल्यावर यशवंतने शिकवलेल्या पोरा-पोरींनी सामना ठेवला होता. निवृत्तीनंतर तो शिकवतो हे मला माहीत होतं, पण गुडघेदुखीचं कारण सांगून मी कधी मैदानाकडे फिरकलो नव्हतो. दोन्ही संघ आले आणि खेळ सुरू होण्याआधी एका ओळीत उभे राहिले, अनवाणी. मला वाटलं श्रद्धांजली असेल. पण ओळ चालू लागली. या गोलापासून त्या गोलापर्यंत, प्रत्येक पावलाला टाच दाबत, खाली बघत. एका मुलीने हात वर केला, तशी सगळी ओळ थांबली, एकाने तिथे पळसाची फांदी रोवली, दोन्ही संघांनी येऊन ती जागा पायाने चाचपली आणि ओळ पुन्हा निघाली.

वैशाली माझ्या शेजारी उभी होती. हे काय, असं मी विचारलं. "बाबांची पद्धत," ती म्हणाली. "पह्यल्या दिवशी येणाऱ्याले ते हेच सांगत. मैदान कसं हाय, ते कोणाले विचारायचं नाई. आपल्या पायानं पाहायचं." तिने हे साधेपणाने सांगितलं. तिला ठाऊक आहे की नाही ते मला कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. हा लेख छापून आल्यावर ठाऊक होईलच.

ओळ परत फिरली आणि माझ्या अगदी पुढून गेली. त्यांतली निम्मी पोरं माझ्या शाळेतल्या पोरांची पोरं आहेत, ओळखतात मला. जाता जाता त्यांनी मान लववून नमस्कार केला आणि पुन्हा खाली, जमिनीकडे पाहिलं. मैदानाबद्दल मला कोणी काही विचारलं नाही.