विजयानं सुई लावली नाही

फोन आला तेव्हा मी शाळेतच होते. मधली सुट्टी संपत आली होती, व्हरांड्यात मुलींचा गलका चालू होता, आणि पलीकडून विजयाचा धाकटा भाऊ प्रकाश म्हणाला, "वहिनी, ताई गेली." मी विचारलं, "कुठं गेली? आज तर साकोलीला यायचा दिवस आहे तिचा." मला खरंच वाटलं, नागपूरला निघाली असेल आणि तसा निरोप द्यायला त्याला सांगितलं असेल.  तो हळूच म्हणाला, "सकाळी चहा मांडला होता तिनं. तिथंच पडली. भंडाऱ्याले नेऊन राहिलो होतो... पुलावरच संपलं सगळं." त्यानंतर मी काय विचारलं, त्यानं काय सांगितलं, आठवत नाही. घंटा झाली तशी सवयीनं वर्गात गेले, फळ्यावर तारीख लिहिली आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिले. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, बरं नाही वाटत का?" तेव्हा पहिल्यांदा कळलं, की काहीतरी झालं आहे आणि ते मला सांगितलं गेलं आहे.

आता महिना उलटून गेला. अजूनही तिच्याबद्दल बोलताना 'विजया म्हणते' असंच तोंडात येतं. 'म्हणायची' म्हणायला जीभ वळत नाही.

विजया भंडाऱ्याच्या पुलापलीकडच्या कारध्याची. घरात शिकायचं वातावरण होतं. वडील कारकून होते, आणि आंबेडकर जयंतीला पोरीनं भाषण केलंच पाहिजे असा त्यांचा दंडक. ती नर्स झाली, सरकारी दवाखान्यात लागली. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तशी तिची बदली तिकडं झाली. आई अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून जाणं शक्य नव्हतं. विजयानं नोकरी सोडली. नोकरीत असतानाच नागपूरच्या एका वृद्ध डॉक्टरांकडं ती चिनी वैद्यक, म्हणजे नाडी पाहून सुया लावायचं ॲक्युपंक्चर, शिकायला जायची, सुट्टीच्या दिवशी, आधी कुतूहल म्हणून. पुढं तेच तिचं काम झालं. साकोलीला आमच्या घराची पुढची खोली रिकामी होती, ती तिनं घेतली आणि ठरलेल्या दिवशी बसनं येऊ लागली. गुडघे, पाठ, अर्धशिशी, यासाठी लोक सुया लावून घ्यायला येत. पण हळूहळू बायकाच जास्त येऊ लागल्या. पाळी थांबलेल्या, अंगावर सूज चढलेल्या, केस गळणाऱ्या, उगाच रडू येणाऱ्या. विजया मनगटावर तीन बोटं ठेवून डोळे अर्धे मिटून बसायची. मग जीभ पाहायची. भर उन्हाळ्यात पाय गार पडणारी, जिभेच्या कडेला दातांचे वळ उमटलेली एक बाई तिनं सुई न लावता थायरॉइडच्या तपासणीला पाठवलेली मला आठवते. चिनी लोकांच्या शास्त्रात 'हार्मोन' हा शब्दच नाही, ती सांगायची. ते शरीरातली ऊब आणि ओलावा यांच्या तोलाबद्दल बोलतात. वाढ, पाळी, मूल होणं, म्हातारपण, हे सगळं ते किडनीच्या खात्यात टाकतात. "पण त्यांची किडनी म्हणजे सोनोग्राफीतली किडनी नाही. रिपोर्ट घेऊन माझ्याशी भांडू नको," असं ती मला हसत बजावायची.

माझी नणंद शोभा बपेऱ्याला दिलेली. एका वर्षी धानाची रोवणी आटोपल्यावर तिचा नवरा तिला आमच्याकडं घेऊन आला तेव्हा मी दारातच थबकले. अंगावर मांस नाही, आणि गोरी शोभा काळवंडलेली. उन्हात राबली म्हणून काळी पडली, असं सासरचे म्हणत. अशक्तपणाच्या बाटल्या लावून झाल्या होत्या. कुणी बाहेरचं आहे म्हणून धागाही बांधला होता. उठली की घेरी यायची. आम्हाला वाटलं, विजया आठ-दहा दिवस सुया लावेल, ताकद येईल.

विजयानं तिचा हात घेतला. बराच वेळ घेतला. तीन बोटांतल्या कोपराकडच्या बोटाखाली, जिथं ते किडनी पाहतात, नाडी खोल, दोऱ्यासारखी लागत होती, हे तिनं मला नंतर सांगितलं. तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "शोभा, मीठ खावंसं वाटते का तुले?"

शोभा खाली बघत म्हणाली, "हो ताई. चिमटीनं खातो. सासू वरडते."

विजयानं तिचा तळहात उघडला. हातावरच्या रेघा शाईनं ओढल्यासारख्या काळ्या होत्या. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, त्याही काळपट. ती उठून माझ्या नवऱ्याकडं गेली. "मी हिले सुई लावत नाही. आत्ताच्या आत्ता नागपूरले न्या. हार्मोनच्या डॉक्टरले दाखवा. आणि वाटेत गुंगली तर जो दवाखाना लागेल तिथं उतरा."

"काहून? एवढं काय झालं?" तो म्हणाला.

"मले जे वाटून राहिलं ते खरं असेल तर उद्यावर टाकू नका."

आम्ही हादरलो. सुईनं बरं व्हायला आलेलं माणूस सुईवालीच परत पाठवते, याचा अर्थ लावता येईना. गाडी केली. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, आणि किडनीवरच्या ग्रंथी जगायला लागणारं हार्मोन बनवतच नाहीत, असं सांगितलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर साधा तापही जीव घ्यायला पुरला असता, म्हणाले. शोभाला जन्मभराच्या गोळ्या लागल्या. आज ती स्वतः रोवणीला उभी राहते.

मी विजयाला विचारलं होतं, हे नाडीत कळलं की नर्स होतीस म्हणून? ती विचार करून म्हणाली, "नाडीनं प्रश्न विचारायले लावला. डोळ्यानं पाहिलं. पक्कं मात्र रक्तानंच केलं." तिनं याहून मोठा दावा कधी केला नाही.

फोन आला त्या दुपारी आम्ही कारध्याला पोचलो तेव्हा अंगणात माणसं दाटली होती. पांढऱ्या साडीत ती निजल्यासारखी होती. शोभा आमच्या आधीच आली होती, बपेऱ्याहून, कशी कोण जाणे. ती विजयाचा हात धरून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होती, "हात गरम आहे ना अजून. पाहा ना कोणीतरी." कुणी पाहिना. शेवटी प्रकाशनं तिला उठवलं. बुद्धवंदना सुरू झाली.  मागं कुणीतरी कुजबुजलं, "साऱ्यायची नाडी पाहे, सोताची नाही समजली बाईले." मी मागं वळून पाहिलं. विजयाच्या डोक्यातली शीर फुटली होती. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, बहुधा जन्मापासून कच्ची असेल. अशी शीर फुटेपर्यंत काहीच सांगत नाही. ना डोकं दुखलं, ना चक्कर आली. त्याच्या दोनच दिवस आधी माझ्या ओट्यावर बसून तिनं पोह्यात लिंबू जास्त मागितलं होतं... यात कुणी काय ओळखायचं होतं?

गेल्या आठवड्यात खोली आवरायला घेतली. टेबलावर तिची ती लहान उशी होती, धानाच्या कोंड्यानं भरलेली, जुन्या लुगड्याच्या खोळीची. नाडी पाहताना मनगट तिच्यावर टेकायचं. इतक्या बायकांचे हात टेकून मधोमध खळगा पडला होता. मी ती पिशवीत टाकणार, तोच दारात एक बाई उभी. लाखांदूरकडून बसनं आली होती, कुणी सांगितलं म्हणून, पहिल्यांदाच. मी काही बोलायच्या आत ती खुर्चीवर बसली आणि पदर सावरून मनगट त्या उशीवर ठेवलं.

"ताई नाहीत आता," मी म्हटलं. "गेल्या."

तिला उमगायला वेळ लागला. मी तिला भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला, रक्त तपासून घ्यायला सांगितलं. तिनं मान हलवली. हात मात्र उचलला नाही.

"बसू द्या जराशी," ती म्हणाली. "लय दुरून आली मी."

मी पिशवी खाली ठेवली आणि समोरच्या, विजयाच्या खुर्चीत बसले.