जगदेवभाऊंची अंगणातली एसटी

आमच्या शेजारच्या जगदेवभाऊंनी तीस वर्षं एसटी चालवली, आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावरही माणूस गाडीवरून काही उतरला नाही. रोज चार वाजता त्यांच्या अंगणातून रिसोड–वाशीम सुटते. मोबाईलमध्ये! लेकीनं, संस्कृतीनं, बस चालवायचा गेम टाकून दिला. कुण्या हुशार पोरांनी त्यात लाल रंग, मराठी पाटी, सगळं बसवलेलं. भाऊ खाटेवर बसून मोबाईल स्टेअरिंगसारखा वळवतात. मागं विजयमालावहिनी तांदूळ निवडत कंडक्टरकी करतात. ताटलीवर चमच्याचे दोन ठोके म्हणजे गाडी सोडा, एक म्हणजे थांबा. घंटीशिवाय गाडी हलत नाही. मी फुकटा प्रवासी. तिकीट मागितलं की म्हणतो, "पास हाये."

गेल्या दोन-अडीच महिन्यांपासून मात्र गाडी रोज डाव्या अंगानं ठोकू लागली. कधी रिक्षा, कधी विजेचा खांब, एकदा तर अख्खा बसथांबा. मला आयतंच खाद्य! पानठेल्यावर मी असं रंगवून सांगितलं, की येणारे-जाणारे कुंपणावरून विचारायचे, "काय भाऊ, आज किती उडवले?"

"मोबाईलची काच खराब हाये," भाऊ म्हणायचे.

मंगळवारी मी पुन्हा टोचलं, "भाऊ, डाव्या बाजूच्या लोकायनं तुमचं काय घोडं मारलं?"

ते हसले नाहीत. वहिनींनी चहाचा कप त्यांच्या डावीकडं ठेवला. भाऊंचा हात कपाच्या वीतभर पलीकडं पडला. मग खाट चाचपत चाचपत कपाचा कान सापडला.

वहिनी बघतच राहिल्या. "कवापासून?"

भाऊंनी चहावर फुंकर घातली. मग म्हणाले, "दोन महिने झाले. वाशीमले दाखवलं मी. काचबिंदू हाये. डावा गेला. उजव्याचं आपरेशन लवकर अकोल्याले करा म्हणते डॉक्टर, नाहीतं तोही जाईन."

"मंग दोन महिने काहून बसले?"

"फसलं तं? आता निदान रस्ता तरी दिसून राह्यला. घंटी दे."

वहिनींनी दोन ठोके दिले. गाडी निघाली. गाव मागं पडलं, पूल आला, आणि मागून एकच ठोका पडला.

थांबा नव्हता तिथं. तरी भाऊंचा अंगठा ब्रेकवर गेलाच. एक घंटी वाजल्यावर हा माणूस तीस वर्षांत कधी पुढं गेला नव्हता. गाडी पुलावर मधोमध उभी. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या.

"दोन दे वं."

"अकोल्याले चाला. मंग देईन."

"लोकं खोळंबले ना!"

"खोळंबू द्या."

एरवी अशा वेळी माझी जीभ सुटते. त्या दिवशी मी अंगणातल्या फरशा मोजत बसलो. मोबाईलमधले हॉर्न काही थांबेनात.

शेवटी भाऊ माझ्याकडं वळले. पूर्ण मान वळवून, उजव्या डोळ्यानं.

"सकाळच्या गाडीत दोन जागा धरून ठेव. उजव्या खिडकीच्या."

"तिकडं ऊन येते, भाऊ."

"येऊ दे. तिकडलं दिसते अजून."