राणे सिस्टरांचं पांढरं भांडं

“डॉक्टरानू, हात! आधी हात बुडवा, मगे पेशंटाक शिवा!”

राणे सिस्टर ओरडल्या आणि आमच्या मुलुंडच्या हॉस्पिटलचे मोठे सर्जन शाळकरी पोरासारखे मुकाट दाराशी परतले. सर्जिकल वॉर्डच्या दारात स्टुलावर एनॅमलचं पांढरं भांडं असे, त्यात जंतुनाशकाचं पिवळसर पाणी. त्यात हात बुडवल्याशिवाय सिस्टर यमालाही आत सोडत नसत. दोनदा तो दारातून परत गेलेला मी स्वतः पाहिलाय.

सिस्टर कणकवलीच्या. उंची पाच फूट, आवाज सात फूट. एरवी शुद्ध बोलायच्या, रागात मालवणी. आणि दिवसातले तेवीस तास रागातच असायच्या. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मी तळमजल्यावर लॅबमध्ये पगार घेऊन जंतू पाळायचो.

तेव्हा वॉर्डातल्या जखमा एकामागून एक हिरव्या पडायला लागल्या. सगळ्यात वाईट कांबळेची. भांडुपच्या कारखान्यात मशीनखाली पाय सापडलेला, सव्वीस वर्षांचा गडी. त्याच्या जखमेतला पू मी काचेच्या बशीत वाढवला, वर औषधांच्या कागदी चकत्या ठेवल्या. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती जंतू मरतात, स्वच्छ कडं उमटतं. इथे एकही कडं नाही. महागातल्या महाग औषधावर जंतू चटई टाकून वामकुक्षी घेत होते.

सिस्टर दिवसातून दहादा जिना उतरायच्या. बसायच्या नाहीत, लॅबभर येरझाऱ्या.

“मोहन, कुठलं इंजेक्शन देऊ ते सांग. पोराचा पाय कापतील रे!”

“सिस्टर, एकही चालत नाही.”

“मग मेल्या, तू हयसर काय अंडी उबवतंस?”

मी नळ तपासले, कात्र्या तपासल्या, सर्जनच्या चपलासुद्धा. काही नाही. शेवटी म्हटलं, “तुमचं भांडं राहिलं.”

“जंतू मारूच्या औषधात जंतू? उद्या सांगशीत, चुलीत बांगडो पोहता!”

त्या जेवायला गेल्या तेव्हा मी दोन चमचे पाणी चोरलं.

दोन दिवसांनी बशी घेऊन वर गेलो. तोच हिरवा रंग, तोच माज, एकाही चकतीभोवती कडं नाही. सिस्टरांनी बशी खिडकीशी धरून पाहिली. ओरडल्या नाहीत. त्या दिवशी मला त्यांची पहिल्यांदा खरी भीती वाटली.

“औषध वाया जाऊ नये म्हणून भांडं कधी रिकामं केलंच नाही रे,” त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या. “कमी झालं की वरून ओतायचे. मीच.”

तळाच्या शिळ्या, जोर गेलेल्या औषधातच जंतू सरावून वाढले होते. भांडं त्यांनी स्वतः मोरीत उपडं केलं. त्याच दुपारी नळाखाली साबणाने हात धुण्याची सक्ती झाली, आणि पुढे नव्या जखमा हिरव्या पडायच्या थांबल्या. पण कांबळेचा पाय आदल्याच दिवशी गुडघ्याखाली कापला होता.

सर्जन म्हणाले, “त्याला सांगायची काय गरज?” सिस्टर ऐकून न ऐकल्यासारखं करून त्याच्या खाटेशी गेल्या. सगळा वॉर्ड ऐकत होता.

“कांबळे, तुझ्या पायात जे गेलं ते माझ्या भांड्यातून गेलं. सगळ्यांना त्यात हात बुडवायला मीच लावत होते.”

कांबळेने पायाच्या रिकाम्या जागेवरची चादर सारखी केली.

“शेजारच्या खाटेवरच्या काकांना पण सांगा, सिस्टर,” तो म्हणाला. “त्यांना वाटतंय, वांगं खाल्लं म्हणून त्यांची जखम चिघळली.”