सुपारीच्या वाडीचे मालक

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा मी केळव्याला शिक्षक होतो. शाळा सुटली की एका सुपारीच्या वाडीत बसून कादंबरी लिहायचो. वाडीचे मालक लांबूनच मान हलवायचे, कधी जवळ आले नाहीत. त्यांचं नावही मी विचारलं नाही. कादंबरी छापून आली, तेव्हा पहिली प्रत त्यांना नेऊन दिली. हात धोतराला पुसून त्यांनी ती घेतली, उलटसुलट करून पाहिली.

“गुरुजी, तुमी ही गोष्ट लिवत होते?” ते म्हणाले. “मला वाटलं, पोरांचे पेपर तपासता. आवाजाचा तरास नको म्हणून तुमी उठेपर्यंत पाण्याचं इंजिन लावत नव्हतो.”

नोकरीमुळे लिहिणं होत नाही, असं मी घरी सारखा म्हणायचो. त्यानंतर म्हटलं नाही.