दूध, डुलकी आणि हिराजीकाका

माणसांना झोपवायचं हा आमच्या ठाण्यातल्या आयसीयूचा धंदा, पण किस्से सगळे त्यांना उठवतानाचे! चार डॉक्टर डबा उघडून बसले की पहिल्या घासाआधीच कोणीतरी म्हणतो, "अरे, तो कोपऱ्यातल्या बेडवाला आठवतो?"

व्हेंटिलेटरची नळी सोसावी म्हणून पेशंटला झोपेचं औषध चालू ठेवावं लागतं. त्यातलं प्रोपोफॉल दिसायला पांढरंशुभ्र. डोंबिवलीच्या एका वहिनींनी सिरिंज बघून माझा हातच धरला. "डॉक्टर, थांबा! ह्यांना दूध पचत नाही हो!"

आमचे हेड बापट सर जुन्या मिडॅझोलमचे भक्त. स्वस्त आणि मस्त! फक्त ते उतरताना पेशंट कधीकधी बरळतो. आंबिवलीचे एक रिटायर्ड हेडमास्तर जागे झाले ते थेट वर्गात. सरांकडे बघून गरजले, "उशिरा आलास? बाहेर उभा राहा!" सर निमूट बाहेर जाऊन उभे राहिले.

"पण झोप कशी गाढ लागली होती, बघितलंस?" हे वर मलाच!

मी डेक्सवाला. या नव्या औषधावर माणूस झोपतो, पण हाक मारली की डोळे उघडतो.

"ही झोप नव्हे, डुलकी!" सर म्हणाले.

"सर, तीच तर हवी!"

कोलशेतच्या हिराजीकाकांना न्यूमोनिया झाला होता. खाडीत होडी घालणारा माणूस. मी हट्टाने त्यांना डेक्सवर ठेवलं. नळी काढायच्या दिवशी काकूंनाही आत घेतलं, ओळखीचा आवाज बरा म्हणून.

"काकू, नावाने हाक मारा."

"आवो, नवऱ्याचा नाव कसा घेव?" काकूंनी पदर तोंडाला लावला.

मग आम्हीच ओरडलो. "काका! हिराजीकाका!" पापणीसुद्धा हलेना. मेंदूला तर काही झालं नसेल? सरांनीही चिडवलं नाही, गपचूप सीटी स्कॅन सांगितला.

शिंदे सिस्टर काकुळतीला आल्या. "काकू, उखाण्यात तरी घ्या हो!"

काकूंनी डोळे पुसले.

"भरती आली खारीला, होरी लागली डोलाला,
हिराजींचा नाव घेते, आता लागा बोलाला!"

काकांनी टक्क डोळे उघडले!

नळी निघाली. संध्याकाळी सरांनी विचारलं, "काय हो, आमच्या हाका ऐकू नाही आल्या?"

"आल्या ना!" काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पन तुमी तिला नाव घ्याला सांगत व्हते. मनला, बगू तरी, घेते का!"